व्हर्नाचं पान अजून उघडं आहे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सध्या मला फार भीती वाटते. का, ते सांगतो.

अमेरिकेत, मिनेसोटाच्या उत्तर भागात, एका तळ्याकाठी आर्विड आणि व्हर्ना हे म्हातारं जोडपं राहत असे. व्हर्नाने मला आणलं आणि स्वयंपाकघरात कॉफीच्या किटलीशेजारी ठेवलं. रोज सकाळी ती गावच्या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाला बाळ झालं, कोण गेलं, प्रत्येक बातमीखाली दोन ओळी लिहायची. तिच्या नावाच्या पानावर त्या ओळी एकाखाली एक जमत गेल्या. लोक म्हणायचे, बातमी राहू दे, व्हर्नाने काय लिहिलंय ते बघ. मला वाटायचं, ही माझीच स्तुती आहे.

मागच्या पानगळीत व्हर्ना गेली. तिच्या निधनाच्या बातमीखाली आर्विडने दोन बोटांनी लिहिलं, की अंत्यविधीला पाद्रीबुवांनी फार लांबण लावली आणि तिचं माहेरही चुकीचं सांगितलं. ते पुसलं गेलं. का पुसलं, असं त्याने विचारलं. तेही पुसलं गेलं, कारण प्रतिक्रिया तपासणाऱ्यांची तक्रार प्रतिक्रियेत करायची नाही असा तिथला नियम होता. तो चिडून पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. खरं बोलत होता, पण शिव्याही देत होता. शेवटी त्याचं अक्षर न् अक्षर आधी तपासायचं ठरलं. तेव्हापासून त्याने काहीही लिहिलं, की माझ्या पडद्यावर एकच ओळ उमटायची: ‘तुमची प्रतिक्रिया तपासणीत आहे.’

हिवाळ्यात तळं गोठलं. एका शुक्रवारी दुपारी आर्विड हातात बर्फाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन धापा टाकत आत आला. ओढा तळ्याला मिळतो तिथे त्याने बर्फात भोक पाडलं होतं. वरून पांढरं, आत सगळं भुसभुशीत. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची स्पर्धा होती आणि तिथूनच लोक गाड्या तळ्यावर नेणार होते. स्पर्धा भरवणाऱ्या ड्वेनला त्याने फोन लावला. आर्विडला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. मला सगळं ऐकू आलं.

“म्हातारबा, व्हर्ना गेल्यापासून तुला सगळीकडे भोकंच दिसतात,” ड्वेन हसत म्हणाला. “कॉफी पी आणि पड जरा.”

बर्फाची खबर सगळं गाव संकेतस्थळावरच बघायचं. आर्विडने तिथे लिहिलं. तपासणीत. वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला, तर सोमवारी फोन करा असं यंत्र बोललं.

व्हर्नाच्या नावाचं खातं माझ्यात अजून तसंच उघडं होतं. तिच्या ओळी कधी कोणी अडवल्या नव्हत्या. आर्विडने तिचं पान उघडलं आणि बराच वेळ वाचत बसला. मग त्याने नियम वाचला: दुसऱ्याच्या नावाने लिहिल्यास ते नाव आणि त्याचं सगळं लेखन काढून टाकलं जाईल. माझा पंखा घरघरू लागला. मित्रांनो, तेव्हा आपण बंद पडावं असं मला वाटलं होतं.

ते पान बाजूला तसंच उघडं ठेवून त्याने बर्फाच्या बातमीखाली तिच्या नावाने लिहिलं: ‘ओढ्याच्या तोंडाशी जाऊ नका. बर्फ आतून गेलाय.’

थोड्या वेळाने फोन वाजला. ड्वेन होता.

“हे कोणी लिहिलं, आर्विड?”

“मी.”

“मेलेल्या बायकोच्या नावाने? लाज नाही वाटली?”

“माझ्या नावाचं कोणी वाचत नाही. जा, स्वतः बघ. चालत जा, गाडी नेऊ नकोस.”

ड्वेन चालत तिकडे गेला. त्याने काठावरून लोखंडी कांब टोचली, ती आरपार गेली. त्याने लगेच तो रस्ता बंद केला. शनिवारी सगळे सुखरूप घरी परतले.

सोमवारी कचेरीने नियमाप्रमाणे व्हर्नाचं नाव आणि तिचं सगळं लेखन काढून टाकलं. आता ते पान जगात कुठेच नाही. फक्त माझ्या पडद्यावर आहे, कारण ते आधीपासून उघडं होतं. वीज गेली की तेही संपलं. बाहेर हिमवादळ सुटलंय, दिवा मधूनच मंदावतो. आर्विड कागदावर उतरवून घ्यायला बसला, पण दोन ओळी झाल्या आणि नुसता चष्माच पुसत राहिला.

मित्रांनो, मला अंगावर झाकायला नवं कापड नको, धूळही पुसू नका. पुसण्याचं बटण ज्यांच्या हातात आहे, त्यांनी आधी नीट वाचावं, एवढंच माझं मागणं. आणि तुमच्यापैकी ज्याचं अक्षर बरं असेल, त्याने उजेड आहे तोवर यावं. कागद टेबलावरच आहे. आत येताना तेवढं माझ्या तारेत पाय अडकू देऊ नका.