डाव्या बाजूचा वार

सोलांजनं नवऱ्याच्या जाड पांढऱ्या जाकिटाची बटणं सोडली आणि मार लागल्यावर चोळायच्या औषधाचं बूच काढलं.

"हलू नकोस रे."

एमेरिक बाकावर ऐटीत बसला होता. चाळिसाव्या वर्षी त्यानं तलवारबाजीची उपांत्य लढत पाच-चारनं मारली होती. आता अंतिम लढत जिंकली की फ्रान्सच्या संघात जागा; हरला तर तलवार कायमची खुंटीला.

दार ढकलून रेमी आत आला. त्याच्याकडून नुकताच हरलेला, बावीस वर्षांचा.

"वस्ताद, माफ करा. माझा शेवटचा वार लागला म्हणून मी उगाच ओरडलो. तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे नाहीच लागला."

"होतं असं घाईत," एमेरिक हसला.

पंचांना वार नीट दिसला नाही की ज्याच्यावर झाला त्यालाच विचारायचं, ही लियाँच्या आखाड्यांची रीत. एमेरिकचा शब्द तर काळ्या दगडावरची रेघ. उभ्या आयुष्यात तो लढतीच्या पट्टीवर एकदाही खोटं बोलला नव्हता.

रेमी गेला. सोलांजचा हात डाव्या छातीपाशी अडखळला. युद्धात तोफगोळ्याचा तुकडा तिथंच घुसला होता. त्या जुन्या व्रणाशेजारी बोराएवढा ताजा लाल डाग होता.

एमेरिकनं खाली पाहिलं. डागावर बोट दाबलं, मग जोरानं दाबलं. बोट लागल्याचं काहीच जाणवलं नाही.

"आजचाच हा," तो म्हणाला. "याआधीही असायचे?"

ती बूच लावत राहिली.

"सोलांज, किती वर्षं?"

"तू इतका खुशीत घरी यायचास. कसं सांगणार होते?"

बाहेर त्याच्या नावाचा पुकारा झाला. घरच्या भिंतीवर बारा पदकं होती. त्यातली आपली किती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्याला रडावंसं वाटलं. तोंडावर जाळी ओढून तो बाहेर पडला.

समोर मार्सेचा थोराड गडी होता. त्याचा पहिलाच वार एमेरिकच्या डाव्या बाजूला आला. पंच एकमेकांकडे पाहू लागले, तोवर एमेरिकनं स्वतःच हात वर केला.

"लागला!"

मग दुसरा. तिसरा. पात डावीकडे वळली रे वळली की त्याचा हात वर. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. असा सचोटीचा खेळाडू पुन्हा होणे नाही, असं म्हणत होते. पाच-दोननं तो हरला. पाचही वार त्यानंच कबूल केले होते.

खोलीत सोलांजनं त्याचं जाकीट उतरवलं. त्याला खिडकीकडे वळवून छाती निरखून पाहिली. मघाचा तो एकच डाग होता.

एमेरिकनं डोळे घट्ट मिटले होते.

"किती आहेत गं?"

तिनं औषध तळव्यावर ओतलं.

"पाच," ती म्हणाली, आणि कोऱ्या कातडीवर चोळू लागली.