धोंडाक्काचा उपास आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे. माझे दोन्ही कान शाबूत आहेत, बुडाला भोक नाही. तरीही अंथुर्णे गावातल्या एका घरात मी दोन वर्षं खिळ्याला टांगून काढली. का, ते सांगते. ऐकायला गोड लागणार नाही. काही मोठी माणसं म्हणतील, पोरांना हे कशाला सांगायचं. मी म्हणते, पोरांनाच सांगायचं. मोठ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

माझा जन्म बावड्याच्या बाजारात झाला. रस्त्याकडेला पाल ठोकून एक घिसाडी बसला होता. तो मला सांडशीत धरून फिरवायचा आणि त्याची बायको वरून घण घालायची. मार खाऊन खाऊन मला पोट आलं. ज्ञानू नावाच्या एका तरण्या माणसानं मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि सायकलच्या हँडलला अडकवून घरी आणलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव भागुबाई. ती मला बघून म्हणाली, "हिच्यात काय तळू? तुमचं डोस्कं? घरात तेल पावशेर हाय."

ज्ञानू इंदापुरात एका बेकरीत कामाला होता. ब्रेडच्या पुड्याची दोन टोकं असतात ना, जाड सालीची, ती गिऱ्हाईक घेत नाही. मालक ती कामगारांना देऊन टाकायचा. ज्ञानू रोज पिशवीभर टोकं घेऊन यायचा. नुसती खाऊन घशाला कोरड पडायची. मग भागुबाईनं एक युक्ती काढली. एका तुकड्याला गूळ आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट कालवून जाड थापायचं. दुसऱ्याला हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा लावायचा. दोन्ही एकमेकांवर दाबायचे, हळद-मीठ घातलेल्या बेसनात बुडवायचे आणि माझ्यात सोडायचे. तेल बेताचंच असायचं, त्यामुळे तो जोड तरंगायचा नाही, माझ्या बुडाला टेकून बसायचा. एक बाजू खरपूस झाली की उलथायचा. गूळ आतल्या आत पातळ व्हायचा. पहिल्या घासाला गोड, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी.

ज्ञानूनं त्याचं नाव ठेवलं नवराबायको.

"ह्यातला नवरा कुठला?" भागुबाईनं विचारलं.

"तिखट त्यो नवरा. गोड ती बायकू."

"गोड? मी? कवाधरनं?"

त्या दिवशी दोघं इतकी हसली की एक जोड करपला. तोही त्यांनी खाल्ला.

लोखंडाची एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, पुढं लागेल. नवी कढई करडी असते आणि तिला सगळं चिकटतं. रोजच्या तळणानं तिच्या अंगात तेल मुरत जातं, वर एक काळा तुकतुकीत थर चढतो. मग काही चिकटत नाही. हा थर बाजारात मिळत नाही. तो एका दिवसात होत नाही आणि एका माणसाच्या खाण्यानंही होत नाही. माझ्या अंगावर ज्ञानूची भूक होती, त्यांच्या लेकीच्या, मेघनाच्या शाळेचे डबे होते, पावण्यारावळ्यांचे घास होते. भागुबाई मला कधी साबणाचा हात लावायची नाही. गरम पाणी, जुन्या कापडाचा बोळा, वर तेलाचं बोट.

मेघना चालायला लागली तेव्हा ज्ञानूनं गावाबाहेर रस्त्याकडेला दोन गुंठे घेऊन दोन खोल्या बांधल्या. शेजारी धोंडाबाई. तिला सगळे धोंडाक्का म्हणत. उसाचं रान, दावणीला म्हशी, दारात ट्रॅक्टर. गाव ज्यांना वरचे म्हणतं त्यांतलं तिचं घर. भागुबाईचं घर बौद्धांचं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. गाव त्यांना पाठीमागं काय म्हणायचं ते मी सांगत नाही, तुमच्यातल्या काहींनी ते शाळेत ऐकलं असेल आणि काहींनी म्हटलंही असेल.

दोन घरांच्या मधे छातीएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपर टेकून दोघी तीस वर्षं बोलल्या. नवऱ्याचं, सासूचं, गुडघ्याचं, सगळं. धोंडाक्काचा युवराज पहिल्यांदा चालला तेव्हा त्याला भागुबाईनं हात धरून भिंतीवर चालवलं. ज्ञानू गेला तेव्हा तीन दिवस भाकरी धोंडाक्काच्या घरून आली. हे सगळं खरं आहे. मी धोंडाक्काला वाईट बाई म्हणणार नाही. वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती.

पण नवराबायको तळले की भागुबाई एक ताटली भिंतीवर ठेवायची.

"आक्का, घ्या गरम हाय तवर."

"अगं माझे बया, आज उपास हाय. सोमवार न्हवं का."

मंगळवारी-शुक्रवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, रविवारी खंडोबाचा. बुधवारी तिचं पोट बिघडलेलं असायचं. ज्ञानू हसून म्हणायचा, "आक्का वाऱ्यावर जगतीया जणू." धोंडाक्का ताटली मात्र ठेवून घ्यायची, "पोरास्नी देते" म्हणून. भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आपल्याकडची रीत. ताटली परत यायची तेव्हा तिच्यात कधी तुरीच्या शेंगा, कधी कांदे, कधी गुळाचा खडा. नवराबायको कुठं जायचे? धोंडाक्काची म्हैस अंगानं भारी भरलेली होती, एवढंच मी सांगते.

भागुबाईला कळत होतं. कळत नसायला ती काय खुळी होती? पण बोलायला दुसरं माणूस नव्हतं, आणि धोंडाक्काचं बोलणं गोड होतं.

युवराजचा साखरपुडा ठरला. दोनशे माणूस जेवायला. बुंदीचे लाडू करायचे तर आचाऱ्याला दोन कढया हव्यात, एक बुंदी तळायला आणि एक पाकाला. धोंडाक्का भिंतीपाशी आली.

"भागू, तुझी कढई दे की चार दिस. जाड बुडाची हाय, पाक लागायचा न्हाय."

भागुबाईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीस वर्षांत त्या घरानं तिच्या घरचं काही पहिल्यांदा मागितलं होतं. तिनं मला पुसलं, परत पुसलं, पदरानं पुसलं आणि दोन्ही हातांनी भिंतीवरून दिलं.

मी त्या अंगणात गेले. धोंडाक्काची जाऊ म्हाळसा तिथं बसली होती. ती म्हणाली, "कुणाची आणलीस? भागीची? आधी जाळून घे बाई. पावणं जेवायचं हायत त्यात."

मला वाटलं, धोंडाक्का आता काहीतरी बोलेल. तीस वर्षं भिंतीवर बोललेली बाई.  ती गोठ्यात गेली आणि स्वतःच्या हातांनी गोवऱ्या घेऊन आली.

मला पालथं घातलं. वरून गोवऱ्या, खालून गोवऱ्या. मी आगीला भीत नाही, आगीतूनच आलेली आहे. पण घिसाड्याच्या आगीनं मला घडवलं होतं. या आगीनं माझ्या अंगावरचा एकेक घास जाळला. ज्ञानूचा, मेघनाचा, सगळ्यांचा. लाल झाले तेव्हा मला बाहेर काढलं, निरमा लावून तारेनं घासलं. म्हाळसा म्हणाली, "आता बघ कशी पवित्र झाली." मित्रांनो, तेव्हापासून मला या शब्दाची चीड आहे.

माझ्यात साखरेचा पाक झाला. तेलाचा थेंब नाही. चौथ्या दिवशी मला भिंतीवरून परत दिलं. रिकामी नाही. रीत पाळली. माझ्या जळक्या बुडावर वर्तमानपत्र अंथरून अकरा लाडू ठेवले होते.

त्यानंतरच्या रविवारी मेघना आली. ती बारामतीला दवाखान्यात नर्स आहे, तिथंच खोली घेऊन राहते. म्हणाली, "आई, आज नवराबायको मला शिकव. खोलीवर करून खाईन. कँटीनचं खाऊन वीट आला."

भागुबाई खुश झाली. कूट कसं जाडसर ठेवायचं, गूळ किसून का घ्यायचा, ठेचा ब्रेडच्या कडेपर्यंत का लावायचा नाही, सगळं सांगितलं. बेसनाचं पीठ बोटावरून कसं ओघळलं पाहिजे ते दाखवलं. पहिला जोड मेघनानं सोडला. उलथायला गेली तर तो निघेना. ओढला तेव्हा साल माझ्या बुडाला राहिली, गूळ तेलात सांडला आणि धूर झाला.

"माझं काहीतरी चुकलं," मेघना म्हणाली.

दुसरा भागुबाईनं सोडला. तोही फाटला.

तिनं गॅस बंद केला. तेल ओतून काढलं, मला खिडकीजवळ उजेडात धरलं, बुडावरून अंगठा फिरवला. बूड करडं, पांढुरकं, जागोजाग निळसर.

"आई, काय झालं?"

"जाळलीया हिला," भागुबाई म्हणाली. "लोखंड असं पांढरं पडतंय ते जाळल्यावरच."

मेघनाला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती उठली. "मी जाऊन विचारते त्यांना. आत्ता."

"बस खाली. इचारायचं त्येला, ज्याला म्हाईत नसतंय."

लाडूंना भागुबाईनं हात लावला नव्हता. ते तिनं तसेच कागदासकट गावातल्या कुत्र्यांना घातले. मला धुतलं आणि खिळ्याला टांगलं. तेलाचं बोट लावलं नाही.

चार दिवसांनी भिंतीवरून हाक आली. "भागू, पुरणपोळी केलीया. घे गं."

भागुबाई दारातूनच म्हणाली, "आज उपास हाय, आक्का."

 पलीकडं ताटली उचलल्याचा आवाज आला.

त्यानंतर दोन वर्षं भागुबाईचा उपास होता. सोमवारी, मंगळवारी, बुधवारीसुद्धा. हाका कमी झाल्या, मग थांबल्या. मेघनानं आईला न चिकटणारा एक पॅन आणून दिला. हलका, गुळगुळीत, कुणाचीच आठवण नसलेला. भागुबाई त्यात एका माणसापुरतं काहीतरी करायची, शेगडीपाशी उभ्या उभ्या खायची आणि ताट न घेताच हात धुवायची. मी खिळ्यावरून बघायची. माझ्या अंगावर तांबडा गंज चढत होता. घरात बोलणं म्हणजे रविवारचा मेघनाचा फोन, तोही ड्युटी नसली तर. युवराज बायकोला घेऊन पुण्याला गेला, पलीकडचा ट्रॅक्टर विकला, म्हशी विकल्या. म्हाळसा जत्रेपुरती यायची. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई एकटी जेवत होती, आणि दोघींना एकमेकींच्या भांड्यांचा आवाज ऐकू जात होता. इतकं मूर्ख एकटेपण मी दुसरं पाहिलेलं नाही.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी फाटक वाजलं. भिंत नव्हे, फाटक. धोंडाक्का इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या फाटकातून आत आली, गुडघ्यावर हात ठेवत. एका हातात ब्रेडचा पुडा होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली.

"आज माझा उपास न्हाय, भागू."

"मग घरी जेवा की."

"एकटीला घास उतरत न्हाय."

"मला उतरतोय व्हय?"

धोंडाक्का उंबऱ्याच्या आत आली आणि फरशीवर बसली. भागुबाई उभीच राहिली. मग तिनं दोन वर्षं न विचारलेलं विचारलं.

"जाळली न्हवं हिला?"

"व्हय."

"म्हाळसानं?"

धोंडाक्काला इथं खोटं बोलता आलं असतं. जाऊ काही ऐकायला येणार नव्हती. तिनं माझ्याकडं वर बघितलं. "म्हाळसा बोलली. गवऱ्या म्या आणल्या."

भागुबाईनं मला खिळ्यावरून काढलं आणि तिच्यापुढं आदळलं. "घासा."

धोंडाक्कानं मला मोरीत नेलं. विटकरीची भुकटी घेऊन घासलं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, तांबड्या पाण्याचा ओघळ चालला होता. भागुबाई मदतीला आली नाही. तिनं गूळ किसला, मिरच्या ठेचल्या, पीठ कालवलं.

पहिला जोड चिकटला. दुसरा चिकटला. तिसरा अर्धा निघाला. भागुबाईनं ते फाटके तुकडे, करपलेली साल, सांडलेला गूळ, सगळं एका ताटलीत खरवडून धोंडाक्कापुढं ठेवलं. स्वतः घेतलं नाही.

धोंडाक्कानं खाल्लं. पहिला घास गोड लागला असणार. दुसऱ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ठेचा होता म्हणून आलं की कसं, ते मला कढईला काय कळणार. ती ताटली पुसून पुसून खाऊन झाल्यावर म्हणाली, "कढई पयल्यासारखी व्हायला किती दिस लागत्याल?"

"तीस वर्सं लागली हुती," भागुबाई म्हणाली.

धोंडाक्का भिंतीला धरून उठली. पदरानं तोंड पुसलं. "मग उद्या किती वाजता येऊ?"

भागुबाईनं रिकामी ताटली उचलून मोरीत ठेवली. फाटक वाजलं. मग भागुबाईनं बोळा घेतला, माझ्या सगळ्या अंगाला तेल लावलं आणि मला खिळ्याला न टांगता शेगडीवर ठेवलं.

मित्रांनो, मी आत्ता शेगडीवरच आहे. उद्या कोण येईल, किती वाजता येईल, आलेलीला भागुबाई आत घेईल का, मला माहीत नाही. तुम्हाला मात्र एक सांगते. लोखंडी भांडं ओलं ठेवू नका, रिकामं टांगून ठेवू नका, आणि कुणाच्या घरून आणलंत तर त्याला पवित्र करायला जाऊ नका. ते तुमच्या घरात येण्याआधीच स्वच्छ होतं. परत देताना त्यात लाडू घालायची रीत चांगली आहे. पण ती पाळायच्या आधी त्या घरचं फाटक उघडा, आत जाऊन फरशीवर बसा आणि पुढ्यात येईल ते खा. करपलेलं असलं तरी खा.