डावखुऱ्या हाताची निब

माझ्या टोकावर धातूचा एक मणी आहे, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित अधिक झिजलेली आहे. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. त्यासाठी भिंग लागते, आणि भिंग स्थिर धरणारा हात लागतो.

मित्रांनो, मी एका शाईच्या पेनाची जुनी निब आहे. माझ्या एका पात्याला तडा गेला आहे. गेली नऊ वर्षे मी काडेपेटीत, कापसाच्या गादीवर पडून आहे. पण त्याआधी सतरा वर्षे मी लिहीत होते.

पोलादाच्या पातळ पट्टीतून मला कापले, दाबून बाक दिला, टोकाला मणी जोडला आणि मधोमध एक चीर पाडून दोन पाती केली. ही चीर फार महत्त्वाची. तिच्यातूनच शाई हळूहळू टोकापर्यंत येते. चीर रुंद झाली तर डाग पडतो, बंद झाली तर कागद कोराच राहतो. मला एका काळ्या पेनात बसवले आणि ते पेन ठाण्याच्या एका दुकानात आले. १९६८ साली हरिहर नावाच्या एका ड्राफ्ट्समनने ते आपल्या बायकोसाठी घेतले. तिचे नाव सुहासिनी. डोंबिवलीच्या एका शाळेत ती नुकतीच विज्ञान शिकवू लागली होती.

सुहासिनीबाई डावखुऱ्या होत्या. शाई पुसली जाऊ नये म्हणून त्या वही तिरकी ठेवत आणि हात ओळीच्या खाली धरत. त्यांचा हात इतका हलका की मागच्या पानावर अक्षराचा उठाव कधी उमटला नाही. त्या हाताला मी वर्षानुवर्षे जुळत गेले. ती झीज तेव्हाची.

त्यांच्या शाळेत हस्तलिखिताची रीत होती. विद्यार्थी वा शिक्षक एखादा विषय घेऊन सुवाच्य अक्षरात वही लिहीत, चित्रे काढत आणि ती वही ग्रंथालयात ठेवली जाई. बाईंनी खाडीकाठच्या वीस वनस्पतींची वही करायला घेतली. सुट्टीच्या दिवशी त्या चिखलात उतरून पाने मोजत, शिसपेन्सिलीने चिठ्ठ्यांवर टिपणे काढत आणि घरी येऊन माझ्या टोकाने ती वहीत पक्की लिहीत. तिवर झाले, कांदळ झाले, चिपी झाली. तेरा वनस्पती झाल्या. १९८५ च्या श्रावणात बाई आजारी पडल्या आणि तीन आठवड्यांत गेल्या. सात वनस्पती चिठ्ठ्यांवरच राहिल्या.

मुलगी उत्तरा तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, "बाबा, राहिलेलं मी लिहू का?"

"नको. मी लिहीन. तिच्याच पेनाने, तिच्याच शाईने. मधेच दुसरं अक्षर दिसायला नको."

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी हरिहर लिहायला बसले. त्यांनी जन्मभर टणक पेन्सिलीने नकाशे काढलेले. दाबून रेघ ओढायची सवय हातात मुरलेली. शिवाय ते उजव्या हाताने लिहीत. माझी झिजलेली बाजू त्यांच्या कागदाला लागेना. मी कुरकुरले, शाई आली नाही. त्यांनी आणखी दाबले. 'मरांडी' या चौदाव्या वनस्पतीच्या नावातल्या दुसऱ्या अक्षरावर माझे पाते चिरले.

त्यांनी मला पेनातून काढले, कोमट पाण्यात धुतले आणि काडेपेटीत ठेवले.

तिथून माझ्यासारख्या निबेचा शोध सुरू झाला. दर शनिवारी पेन आणि काडेपेटी त्यांच्या खिशात. डोंबिवली झाली, कल्याण झाले, ठाण्याची स्टेशनरीची दुकाने झाली. काही निबा फार रुंद निघत, काही पेनाच्या तोंडात डुगडुगत. हळूहळू दुकानांतून निबांचे खणच नाहीसे झाले आणि तिथे बॉलपेनांची पाकिटे लटकू लागली. कल्याणचा एक दुकानदार म्हणाला, "काका, पोरीला स्थळ बघायलासुद्धा कोणी इतक्या खेपा घालत नाही हो!"

हरिहर पुढच्या दुकानाकडे वळले.

शेवटी ते धाकूपाशी पोचले. धाकू चेंदणी कोळीवाड्यातला. जाळी विणणाऱ्या घरातला, पण होडीत बसला की त्याला समुद्र लागायचा, उलट्या व्हायच्या, म्हणून बाजाराच्या तोंडाशी टेबल टाकून पेने दुरुस्त करी. मेलेल्या पेनांच्या निबा तो बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवी. त्याची एक शिस्त होती: निब बसवली की ज्याला लिहायचे त्याने त्याच्यासमोर आपले नाव लिहायचे. त्या हाताचा कल बघून तो मग निब दगडावर अलगद घासून देई.

पहिल्याच दिवशी त्याने मला भिंगाखाली धरले. "ही तुमची नाय, काका. डाव्या हाताची हाय. बाईमानसाची. लय हलका हात." भिंग आणखी जवळ आणून म्हणाला, "आनि सावकाश लिवनारी. घाई नाय केली कदी."

हरिहरांनी स्टूल ओढले आणि ते खाली बसले. बाई गेल्यापासून त्यांच्याविषयी कोणी काही नवे सांगितले नव्हते.

मग ते दर शनिवारी तिथेच जाऊ लागले. "माझ्या हाताला बसेल अशी आली का रे?" असे नव्हे, "हिच्यासारखी आली का?" असे विचारत. धाकू नाही म्हणे, पण मला भिंगाखाली घेई आणि दोन शब्द बोले. बाई पूर्णविराम कसा टेकवायच्या, रेघ कुठे उचलायच्या. तो खरेच ते वाचत होता की म्हाताऱ्याचे मन राखत होता, मला सांगता येणार नाही.

१९९३ साली एका भंगारवाल्याकडून आलेल्या पेनात त्याला माझी जोडीदारीण सापडली. तोच आकार, पाठीवर कोरलेला तोच क्रमांक, मणी नवाकोरा.

"न्या काका, मिलाली तुमची!"

हरिहरांनी तिच्याकडे पाहिले. म्हणाले, "पुढच्या शनिवारी नेतो."

पुढचा शनिवार आला. तेव्हाही तेच: मला भिंगाखाली धरायला लावायचे, बाईंविषयीचे दोन शब्द ऐकायचे आणि नवी निब तिथेच ठेवून यायचे. त्यानंतरही तेच. घरी उत्तरा विचारी, "मिळाली का बाबा?" आणि ते शर्ट खुंटीला अडकवत म्हणत, "अजून नाही."

मित्रांनो, मी काडेपेटीत होते. मी सारे ऐकत होते आणि मला बोलता येत नव्हते.

दोन वर्षे गेली. उत्तरा आता कल्याणला कॉलेजात शिकवू लागली होती. एक दिवस तिने कपाटातली वही काढली, तर तिच्यात ठेवलेल्या चिठ्ठ्यांना कसर लागलेली. पाच चिठ्ठ्या वाचता येत होत्या. सहावीचा अर्धा भाग गेला होता. सातवीची जाळी झाली होती. बाईंनी जिथे ती झुडपे पाहिली तिथे आता भराव पडला होता. पुन्हा जाऊन पाने मोजण्याची सोय उरली नव्हती.

त्या शनिवारी हरिहरांचे गुडघे फार दुखत होते. सोबत म्हणून उत्तरा ठाण्याला आली. तिला बघून धाकू खुलला.

"या ताई, बसा! बरं झालं तुमी आलाव. तुमीच घेऊन जा बाय ती निब. दोन वरसं झाली मिलून, डब्यान पडलीय. काका काय नेत नायत."

उत्तराने वडिलांकडे पाहिले. ते टेबलावरचा शाईचा डाग बघत होते. तिने आवाज चढवला नाही. पर्समधून एक पाकीट काढले आणि सहावी चिठ्ठी उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"गेव्याची आहे. 'पान तोडल्यावर पांढरा चीक,' इथवर वाचता येतं. पुढचं नाही."

धाकूने मान पुढे केली. "गेवा? चीक डोल्यान गेला तं आंधला व्हतो मानूस. आमी हात लावत नाय त्याला. एक बाई अशाच चिठ्ठ्या लिवत एकदा आमच्या बंदरावर आल्यावत्या, तवा मीच सांगितलंवतं त्यांना. ही निब त्यांची, ते मना काय म्हाईत!"

उत्तराने पेन काढून चिठ्ठीच्या पाठीवर ते वाक्य घाईघाईने उतरवून घेतले. तिच्या हातात दोन रुपयांचे बॉलपेन होते.

हरिहर ते बघत होते.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात. माझ्यासारखीला उन्हात टाकू नका, वाळलेली शाई तशीच ठेवू नका, आपला जोर तिच्यावर चालवू नका. पण जी गोष्ट पुरी व्हायची आहे ती जपण्याच्या नावाखाली कपाटात ठेवू नका. कसर वाट बघत नाही.

धाकूने काळे पेन धुतले, नवी निब बसवली, शाई भरली आणि नेहमीप्रमाणे कागदाचा चिटोरा पुढे सरकवला. "नाव लिवा, काका."

हरिहरांनी पेन घेतले. निब कागदापासून बोटभर वर थांबली. मी शेजारीच, उघड्या काडेपेटीत होते. मग त्यांनी पेन फिरवून उत्तरापुढे धरले.

"धाकू," ते म्हणाले, "निब हिच्या हाताला बसव. वही ही पुरी करणार आहे."