काडीची लाथ आणि माझा आवाज

मी एक चेस्टगार्ड. लाथा खाणं हा माझा धंदा. तोंड वाकडं करू नका. तुमच्यातही कितीतरी जण हाच धंदा करतात, फक्त त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. माझ्यासाठी वाजवायचे.

तायक्वांदो खेळणाऱ्या पोरांच्या छातीवर बांधतात ना, ते जाडजूड चिलखत म्हणजे मी. एका अंगानं लाल, उलटा केला की निळा. म्हणजे एका लढतीत या पक्षात, पुढच्या लढतीत त्या पक्षात, आणि लाज म्हणून कसली ती नाही. पोटात दाबून भरलेला फोम, वर चामड्यासारखं दिसणारं कापड आणि पाठीमागे बांधायला नाड्या. कारखान्यात माझ्यासारखे ढिगानं निघाले. माझ्या बाबतीत एवढंच झालं, की फोम आणि कापड यांच्यामध्ये थोडी हवा अडकून राहिली. तपासणाऱ्या बाईनं मला दाबून बघितलं, नाक मुरडलं आणि बाजूच्या ढिगात भिरकावलं. दुसऱ्या प्रतीचा माल!

तो ढीग स्वस्तात एका दुकानात आला आणि त्यातूनच आमच्या सरांनी मला उचललं. दुकानात उभ्या उभ्या त्यांनी माझ्यावर तळहातानं एक सणसणीत थाप मारली. थाड्! दुकानातली माणसं दचकून वळली. सरांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! म्हणाले, "हाच द्या. दुसरा दाखवूच नका."

सर दिवसा घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे आणि संध्याकाळी छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये क्लब चालवायचे. खाली छपाईची मशीन धडधडायची, वर आमची पोरं. छापखान्याचे मालक अधूनमधून जिना चढून यायचे आणि कंबरेवर हात ठेवून म्हणायचे, "अहो मास्तर, तुमच्या पोरांच्या उड्यांनी माझी अक्षरं हलतात हो!" सर हसून चहा मागवायचे. मग मालक चहा पिऊन, पोरांच्या लाथा बघून, जाताना स्वतःही जिन्यात एक पाय उचलून बघायचे.

सर त्यांच्या तरुणपणी मोठे खेळाडू होते. तेव्हा मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार पंच हातात बटण घेऊन बसायचे. लाथ इतकी झटकन बसते की डोळ्याला ती कळतच नाही. कळते ती कानाला. थाड् झालं की चौघांची बोटं बटणावर पडायची. त्यामुळे सरांचं शिकवणं म्हणजे सगळं एका शब्दात होतं. "आवाज! अरे आवाज कुठाय? चौघांच्या कानात गेला पाहिजे!" आणि तो आवाज काढायला मी होतोच की. आमच्या क्लबात पोरांची परीक्षा घ्यायचा तो मीच.

मग काडी आली.

तिची आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. वडील कधीचेच गेलेले. आईची कामाची पाळी संध्याकाळी उशिरा सुटायची, तोपर्यंत पोरीनं जायचं कुठे, म्हणून तिला आमच्याकडे आणून बसवली. हात काडी, पाय काडी, मान काडी. नाव तेच पडलं. पहिले काही दिवस नुसती भिंतीला टेकून बसायची. एकदा सर म्हणाले, "ए काडी, मार बघू एक." तिनं मारली. मी बांधलेला होतो ढोलच्या अंगावर. ढोल म्हणजे काडीच्याच वयाची एक गुबगुबीत, हसरी पोरगी. मला बांधून मार खायची पाळी नेहमी तिच्यावर यायची, म्हणून हे नाव. तर काडीची ती लाथ बसली आणि ढोल दोन पावलं मागे जाऊन धपकन खालीच बसली. "आई गं! अगं, हळू की जरा! माझं जेवण वर आलं!"

हॉलमध्ये हशा पिकला. मी मात्र गार झालो होतो. असला आवाज माझ्या पोटातून कधी निघालाच नव्हता.

पुढे वर्षं गेली तशी तिनं त्या आवाजाचा ठावच घेतला. पायाचा पंजा लागला तर मी नुसता फट् करतो. घोट्याच्या वर, नडगीचा खालचा भाग माझ्यावर सपाट पडला, की मात्र जो काय बार उडतो, तो खाली छापखान्यात ऐकू जातो. हे तिला कुणी शिकवलं नाही. तिच्या पायानं आणि माझ्या पोटानं मिळून ते शोधलं. सर टाळ्या पिटायचे. बाकीच्या पोरांना ओरडायचे, "बघा, बघा! याला म्हणतात किक!" मी अंगात येईल तेवढी हवा भरून घ्यायचो. खोटं कशाला सांगू, मला त्या पोरीचा फार लळा लागला होता.

मी आता सांगतोय ते काडीच्या सोळाव्या वर्षाचं. त्या हंगामात मोठ्या स्पर्धेत जी मुलगी आपल्या गटात पहिली येईल, तिला सरकारी क्रीडा वसतिगृहात घेणार होते. राहणं, खाणं, कॉलेज, सराव, सगळं तिथेच. काडीच्या आईचा उजवा खांदा तोवर पार निकामी झाला होता. ओल्या चादरी उचलताना तिच्या तोंडून हुं निघायचं. एकदा काडीला न्यायला आली, तेव्हा हॉलच्या दारातच तिनं सरांना सांगितलं, "हे बघा सर, यंदा हिची निवड झाली तर मी एका शब्दानं आडवी येणार नाही. जाऊ दे पोरीला. पण नाही झाली, तर हिनं माझ्याबरोबर लाँड्रीत यायचं. आणखी एक वर्ष माझा हात चालायचा नाही."

"होईल हो निवड," सर म्हणाले.

"तुमच्या तोंडात साखर पडो," आई म्हणाली. काडी खाली मान घालून माझ्या नाड्या सोडत होती. त्यातली एक तुटायला आली होती. आईनं ती बघितली आणि दुसऱ्या दिवशी लाँड्रीतली पांढरी नाडी आणून मला शिवून दिली. खांदा दुखत असताना. असे टाके घातले होते की आजही एक उसवलेला नाही.

हंगाम सुरू झाला. आधी शहरातली स्पर्धा. तिथे अजून जुनीच पद्धत होती, चार कोपरे आणि चार पंच. काडीनं समोरच्या पोरींची दाणादाण उडवली. पंचांपैकी एक म्हातारबुवा तर दर लाथेला बसल्या जागी दचकायचे आणि दचकता दचकता बटण दाबायचे. आम्ही पदक घेऊन परतलो. छापखान्याच्या मालकांनी फुकटात तिचं नाव मोठ्या अक्षरात छापून जिन्यात लावलं.

त्याच आठवड्यात ढोलचे बाबा सरांना म्हणाले, "सर, मोठ्या स्पर्धेत म्हणे आता पंच नाही, यंत्र मोजतं. चेस्टगार्डमध्येच बसवलेलं असतं. कुठल्यातरी क्लबात जाऊन एकदा ते घालून सराव करायला नको का?"

सर हसले. "अहो, मी दिवसभर मीटरच वाचतो की. यंत्राला दुसरं काय कळतं? जोर. जिथे जोर तिथे आकडा. आमच्या काडीची किक बसली, तर यंत्र काय, यंत्राचा बाप आकडा दाखवेल."

मला तर ते बोलणं इतकं पटलं, की मी खुंटीवर जागच्या जागी फुगलो.

स्पर्धेच्या दिवशी मलाही नेलं, सरावापुरतं. भलंमोठं स्टेडियम, निळ्या-लाल गाद्या, वर लटकणारे आकड्यांचे फलक. कोपऱ्यातल्या सरावाच्या जागेत ढोलनं मला बांधलं आणि काडीनं एक लाथ हाणली. आजूबाजूच्या पोरांच्या माना वळल्या. "बाप रे! ही कोण?" असं कुणीतरी म्हणालं. मी मनात म्हटलं, थांबा लेको, अजून काय बघितलंय तुम्ही!

मग काडीच्या अंगावर माझा तो नवा भाऊबंद चढवला. गुळगुळीत, चकचकीत, अंगात यंत्र. पायात घालायला खास मोजे दिले. त्यांच्या पंज्यावर कसल्याशा पट्ट्या शिवलेल्या होत्या आणि मोजे घोट्यापाशीच संपत होते. ते बघून माझ्या काही लक्षात आलं नाही. सरांच्याही नाही.

समोरची पोरगी उंच, पायानं लांब. लढत सुरू झाली आणि तिनं एक पाय जो वर उचलला तो खाली ठेवायचं नावच घेईना. त्या पायानं ती नुसती टुकटुक करत होती, दारावर हळूच टिचकी मारावी तशी. आवाज नाही, काही नाही. आणि फलकावर तिचे आकडे पळायला लागले. काडीनं दात-ओठ खाऊन आपली लाथ घातली. थाड्! अख्खं स्टेडियम दणाणलं. लोक "ओऽ!" करून ओरडले. मी सरांच्या खुर्चीवर पडलो होतो, मलाच ती बसल्यासारखी वाटली. फलकावर शून्य. पुन्हा थाड्! पुन्हा शून्य. उंच पोरगी त्या लाथेनं कळवळून वाकली, कूस धरून उभी राहिली, आणि तरीही शून्य. काडी फलकाकडे बघायला लागली. ती कधीच इकडेतिकडे बघत नसे.

फेरी संपल्याबरोबर सर ताडताड शेजारच्याच गुणांच्या टेबलापाशी गेले. "यंत्र बिघडलंय तुमचं! एवढा आवाज येतोय, कान फुटलेत का सगळ्यांचे?"

टेबलावरची तरुण बाई शांतपणे म्हणाली, "सर, यंत्र ठीक आहे. तिची किक नडगीला लागते आहे. मोज्याच्या पट्टीचा स्पर्श झाला तरच यंत्र धरतं." आणि मग, समजूत घालावी तशा सुरात, "आवाजाला पॉइंट नसतात, सर."

सर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ते काडीपुढे गुडघ्यावर बसले. "काडी, पंजा लाव. पंजा. घोट्याच्या खालीच लागलं पाहिजे."

"आता?" काडी म्हणाली.

एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांची सवय पायाच्या हाडात बसलेली, ती एका घोट पाण्याच्या वेळात कशी निघायची? दुसऱ्या फेरीत तिनं प्रयत्न केला. पाय उचलायचा, अर्ध्यात थांबवायचा, पंजा पुढे काढायचा. तेवढ्यात समोरचीचा पाय तिच्या डोक्याला लागून जायचा. शेवटी शेवटी तिनं लाथा मारणंच सोडून दिलं आणि हात खाली सोडून नुसती उभी राहिली. पहिल्याच लढतीत आटोपलं सगळं.

परतीच्या बसमध्ये मी तिच्या मांडीवर होतो. ढोल हुंदके देत होती, काडीचे डोळे कोरडे. मग तिनं विचारलं, "सर, माझी किक लागली होती ना?"

"लागली होती गं."

"मग?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर क्लबात राम राहिला नाही. नवी चेस्टगार्डं घेणं आपल्या ऐपतीत नाही, आणि जुन्यावर शिकवून पोरांना तोंडघशी पाडायचं नाही, असं म्हणून सरांनी गाशा गुंडाळला. ढोलला तिच्या बाबांनी दुसऱ्या क्लबात घातलं. तिथे ती मजेत आहे म्हणे, आणि आता तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारतात. हॉलमध्ये छापखान्याचे कागदाचे गठ्ठे आले. जिन्यातलं काडीचं नाव मालकांनी काढलं नाही, ते आपोआपच गळून पडलं. सामानाची वाटणी करताना सरांनी मला काडीच्या हातात दिलं. "तुझ्याकडेच राहू दे," म्हणाले. तिला मी नको होतो. मला ते तिच्या बोटांवरून कळलं.

आता मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत असतो. ओल्या चादरींनी भरलेली ट्रॉली ढकलताना लोखंडी दांडा पोटात घुसतो, म्हणून काडीच्या आईनं मला बांधायला सुरुवात केली. वाफेनं माझा लाल रंग विटलाय, निळ्याला डाग पडलेत. काडी शेजारच्या मशीनवर चादरी दाबत असते. ती आता काडी राहिलेली नाही. दंड भरून आलेत. हाक मारली तर पटकन ओ देत नाही.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद होती. आईच्या अंगावर मी तसाच बांधलेला. तिला काय वाटलं कोण जाणे, उठून पोरीपुढे उभी राहिली. "इतकी वर्षं खेळलीस, पण पाळीमुळं मी एकदाही बघितलं नाही बघ तुझं. मार बघू एक. सर म्हणायचे, काय आवाज काढते तुमची पोरगी!"

"काहीतरीच काय, आई. लागेल तुला."

"लागू दे की. मार गं!"

काडी उठली. पाय मागे घेतला, गुडघा वर आला, अगदी पूर्वीसारखा, सरळ रेषेत. मी श्वास रोखला. जिथे जिथे हवा उरली होती तिथून ती गोळा केली. म्हटलं, ये बाई, ये. या माउलीला एकदा तरी ऐकू दे.

गुडघा तसाच थांबला. मग सावकाश खाली आला.

"आवाजाला पॉइंट नसतात, आई," ती म्हणाली आणि डबा झाकून मशीनकडे गेली.

आईनं माझ्यावर हात फिरवला आणि ट्रॉलीकडे वळली.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी या बाजूला आलात, तर लाँड्रीच्या मागच्या दारानं आत या आणि मला एक लाथ मारा. नडगीनं मारा, पंजानं मारा, कशीही मारा. ती पलीकडच्या मशीनवर पाठमोरी उभी असते. तिला ऐकू जाईल एवढी जोरात मारा.