गिरजाबाईचा पाऊण तास

"आये, तू डबा घेऊन रानात जातीस, ती पाऊन पाऊन तास करतीस काय गं?"

प्रश्न कस्तुराचा नव्हता. मधल्या सुट्टीत शालन आणि मंजुळीनं पैज घातली होती, की माईकपुढं एवढी भाषणं ठोकतीस, तर घरात हे विचारून दाखव. दहावीतली कस्तुरा सव्वीस जानेवारीला सबंध भोसरी गावापुढं बोलली होती, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला लगाम उरला नव्हता. तिनं विचारून टाकलं.

गिरजाबाईनं म्हशीच्या सडावरचा हात काढला नाही. पोटाला बरं नाही म्हणाली, आणि धार काढत राहिली.

झालं. पोटाला बरं नसलेलं माणूस रात्री दोन-दोन भाकरी हाणतं होय? कस्तुराच्या डोक्यात किडा शिरला. आळीतल्या बाया दिवस कलताना डबे घेऊन घोळक्यानं रस्त्याच्या कडेला परसाकडंला जात, आणि ही एकटी मळ्याकडं. त्याच सुमाराला त्यांचा भाडेकरू विलास कंपनीतनं यायचा, अंघोळ करून केस चापायचा आणि मळ्याच्याच वाटेनं फिरायला निघायचा. शालनचं म्हणणं, फिरायला माणूस देवळाकडं जातं. ढेकळांत काय ठेवलंय?

त्यात हे संडासाचं निघालं. मळ्याचा मोठा तुकडा कारखान्यांसाठी गेल्यावर दत्तोबानं, म्हणजे कस्तुराच्या बापानं, परड्यात चार खोल्या काढून भाड्यानं दिल्या होत्या. भाडेकरूंनी आता संडास मागितला. आळीतल्या बाया ऐकूनच हरखल्या, आपल्या घरी कधी होतोय म्हणून नवऱ्यांच्या मागं लागल्या. गिरजाबाई तेवढी अडून बसली. म्हणे, दाराशी घाण नको. रोज पाटीभर शेण उपसणारी बाई ही! पाण्यात काही असल्याबिगर म्हैस तोंड फिरवत नाही. दत्तोबा दोन दिवस मिशीला पीळ देत बायकोकडं नुसता बघत होता.

तिसऱ्या दिवशी कस्तुरा आईच्या मागावर निघाली. रान भेगाळलेलं, शाळू डोक्याइतका वाढलेला. पाती सळसळली की तिचंच काळीज उडे. विलास पुढं दिसला, तशी ती शाळूत दबली. पण गडी ओढ्याच्या अंगाला वळला, बाभळीखाली टेकला आणि खिशातनं गावाकडचं पत्र काढून वाचू लागला. वाचून घडी केली, पुन्हा उघडलं.

गिरजाबाई सरळ जुन्या विहिरीवर गेली. काठावर डबा ठेवला. वहाणा काढून त्याच्याशेजारी नीट लावल्या आणि पायऱ्यांवरून दिसेनाशी झाली.

बाई विहिरीच्या काठावर वहाणा कशाला काढते, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. "आये!" कस्तुरा ओरडली आणि ढेकळांतनं पडत-झडत काठाला आली.

पाण्याच्या चार पायऱ्या वर गिरजाबाई मांडी घालून बसली होती. "वरडू नगंस," ती म्हणाली. "आत्ता कुटं गप झालं हुतं."

कस्तुरा खाली उतरली. तरी तिनं आधी कोनाडे बघितले, कपारीत वाकून बघितलं. कुणी नव्हतं.

"हितं करतीस काय?"

"ऐकतीया."

"कुनाचं?"

गिरजाबाई पोरीसारखी लाजली. "देवाचं."

मग हळूहळू तिनं सांगितलं. देव्हाऱ्यापुढं बसावं तर कुणीतरी चहा मागतं, म्हैस हंबरते, खोल्यांतला रेडिओ बोंबलतो, कंपनीचा भोंगा होतो. देवळात बायांच्या गप्पा. पण हातात डबा असला की बाईला माघारी कुणी बोलवत नाही. सात वर्षं तिनं हा पाऊण तास असा चोरला होता.

"देवाला सांगाय समदी जात्यात," ती म्हणाली. "त्याला बी काय म्हनायचं असंल का न्हाई?"

"मग काय म्हनतो?"

"आजून तरी काय न्हाई." गिरजाबाई पाण्याकडं बघत राहिली. "पर हितं मला कुनी हाक मारत न्हाई. तवा त्यो जवळ बसल्यागत वाटतं."

कस्तुराला पटलं नाही. पडताळा घ्यायचा म्हणून ती शेजारी टेकली. आधी डोक्यात तिचंच भाषण वाजलं, मग शालनची बडबड. भोंगा झाला, तो खाली चिलटासारखा ऐकू आला. कुठंतरी थेंब गळत होता. देव काही बोलला नाही. पण कस्तुराही बोलली नाही, आणि हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

घरी दत्तोबा दारातच होता. "गवंडी सोमवारी येतोय," तो म्हणाला. "आन उद्या मी सोता हिच्या मागं जानार. काय काळंबेरं हाय, ते बघूनच घेतो."

गिरजाबाईनं परातीत पीठ घेतलं. एकदाच पोरीकडं बघितलं.

खरं सांगितलं तर बापाचा संशय फिटला असता. पण मग सकाळी आळीभर झालं असतं, की गिरजाबाईच्या अंगात येतं. आणि परवा बाया नारळ घेऊन विहिरीच्या पायऱ्यांवर रांग लावून बसल्या असत्या.

कस्तुरानं आईपुढची परात आपल्याकडं ओढली.

"आबा, संडास बांधा. पायजेच. आई बी आता न्हाई म्हननार न्हाई. पर उद्यापास्नं सांजची धार मी काढनार, भाकरी बी मीच थापनार, आन तेवढा येळ आई घरात नसनार. कुटं जाती, ते मी माझ्या डोळ्यांनी बघून आले. कुनाला सांगनार न्हाई. तुमाला बी न्हाई."