पाळणाघराखालचं काँक्रीट

खाडीकाठच्या बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवर आता पर्यावरणपूरक इमारत उभी राहणार होती. राखेच्या विटा, छतावर भाजीचे वाफे, काठाला लव्हाळी लावून खाडीचं पाणी गाळायची सोय. या कामाची वास्तुविशारद ती, नकाशाही तिनेच काढलेला. तळमजल्यावर पाळणाघर आणि पुढे उघडं अंगण, कारण मुलांनी मातीत लोळलंच पाहिजे असा तिचा हट्ट होता.

राहिली होती ती ‘जमीन निर्धोक’ या दाखल्यावर तिची सही. सकाळी चहा घेताना तिने नकाशा टेबलावर पसरला, तसं बाबांनी चष्मा वर करून अंगणावर बोट ठेवलं. याच कारखान्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती.

"इथे मुलं नकोत. खाली कारखान्याच्या विषारी गाळाचा खड्डा आहे. वरचं काँक्रीटचं झाकण आम्हीच ओतलंय."

"चाळीस ठिकाणची माती तपासली, बाबा. सगळी स्वच्छ आली."

बाबांनी अंगणावरचं बोट उचललं नाही. दहा वाजता ती त्यांना घेऊन साइटवर पोचली.

मातीचे नमुने काढणारा ड्रिलवाला भला माणूस. त्याने काहीच लपवलं नाही. "तिथे काँक्रीट लागलं होतं, मॅडम. काँक्रीट लागलं की आम्ही चार पावलं सरकून भोक पाडतो, नाहीतर पातं तुटतं. कागदावर खूण मात्र जागच्या जागी ठेवतो. सगळेच तसं करतात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जिथे घाण झाकली होती, नेमकी तीच जागा सोडून यांनी माती उचलली! आणि तो अहवाल तिने तीनदा वाचला होता, शाबासकीही दिली होती. राग ड्रिलवाल्याचा कमी आणि स्वतःचाच जास्त येत होता.

तेवढ्यात सर आले. तिचे गुरू, आणि ती काम करायची त्या कंपनीचे मालकही तेच.

"परवा भूमिपूजनाला पाहुणे येतायत. सही कर आणि मोकळी हो. वर दोन फूट नवी माती टाकतोय ना आपण!"

"भरतीला खालचं पाणी घाण घेऊन वर चढतं, सर. हे तुम्हीच शिकवलंत मला."

"शिकवलेलं सगळं साइटवर चालत नाही."

ती ड्रिलवाल्याकडे वळली. "इथेच पाड भोक. तसूभरही सरकू नकोस."

"पातं तुटेल, मॅडम."

"नाही तुटणार," बाबा म्हणाले. "वीतभरच जाडी आहे. सिमेंटही कमी घातलंय. वरून हुकूम होता, लवकर झाका."

पाऊण तासाने नळीतून जांभळा, तेलकट चिखल वर आला. वासाने ड्रिलवाला दोन हात मागे गेला. सरांनी नाकाला रुमाल लावला. इतकी वर्षं पर्यावरणावर भाषणं ठोकणारा माणूस, आणि चिखल पाहून पहिला प्रश्न काय विचारावा?

"हे कोणी पाहिलं नाही, असं समजू या का?"

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडे मांडव उभारणारे सुतार काम थांबवून बघू लागले. तिने दाखल्याचा कागद सरांच्या समोर टराटरा फाडला. मग बाबांकडे वळली. त्यांच्यावरचा राग तर सगळ्यांत जुना निघाला. नोकरीपायी मूग गिळून बसला होता हा माणूस, आणि घरी तिला हात धुऊन जेवायला शिकवत होता.

"अशी झाकणं किती आहेत, बाबा?"

"तीन."

"दुसरं?"

"गोदामाच्या मागे."

"आणि तिसरं?"

बाबांनी मान खाली घातली.

"कामगारांच्या वसाहतीत. तुमच्या झोपाळ्याखाली. पहिल्याच पावसाळ्यात तडकलं होतं ते."

त्या झोपाळ्याखालची माती तिने आणि धाकट्या बहिणीने भातुकलीत शिजवली होती, चाखलीही होती. बहीण नवव्या वर्षी गेली. रक्ताचं काहीतरी झालं, एवढंच घरात सांगत.

तिने नकाशा उलटा करून मशीनच्या पत्र्यावर ठेवला आणि पेन बाबांच्या हातात कोंबलं.

"लिहा. तिन्ही जागा, कोणी सांगितलं, कधी ओतलं. आणि खाली सही तुमची."