करकरणारे स्टूल आणि पीठ मळणारे हात

माझ्यावर बसायचे असेल तर, मित्रांनो, आधी माझे पाय नीट फाकवा आणि मगच अंग टाका. मी एक जुने घडीचे स्टूल आहे. पलंग करून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला घडवले. बैठकीला जाड कापड ठोकले, पायांच्या फुलीत लोखंडी खिळा बसवला आणि म्हणाला, "मिटलं की काखेत, उघडलं की बुडाखाली." उघडताना मी मोठ्याने करकरले. तेव्हापासूनची ती सवय आहे.

मला विकत घेतले ते एका म्हाताऱ्या पाववाल्याच्या लेकीने. ती वडिलांच्या दुकानात पाव विकायची. दुपारी गिऱ्हाईक थंडावले की मला काखेत मारून निघायची आणि दिसेल त्याचे चित्र काढायची. पाव बांधायचा कागद, शिसपेन्सिल आणि मांडीवर एक फळी. रोज एक तरी चित्र काढायचे, हा तिचा नेम. कधी नळाखालची बादली, कधी भिंतीला टेकलेली सायकल, कधी दाराशी पडलेल्या वहाणा.

हे वेड तिला गावातल्या चित्रांच्या दालनात लागले होते. तिथल्या एका चित्रात एक बाई भांडी घासत होती. त्या चित्रापुढे बसून ती ते पुन्हा पुन्हा उतरवायची. तिथला पहारेकरी एकदा म्हणाला, "ताई, एवढे राजे-राण्या टांगलेत आणि तुम्ही हिच्यापुढंच बसता?"

"हिचं कोपर बघा ना काका. आत्ता घासून होईल असं वाटतं."

"काही होत नाही. मी नोकरीला लागल्यापासून बघतोय, भांडी तेवढीच आहेत."

मी तिच्या खाली, त्यामुळे मला तिची चित्रे दिसत नसत. पण वजनावरून सगळे कळे. हात अडला की ती मागे रेले. हात चालू लागला की पुढे झुके आणि श्वाससुद्धा हळू घेई.

पुढे पाववाल्याची बोटे दुखू लागली. सकाळी मूठ मिटेना. म्हणून पीठ मळायचे यंत्र मागवले. लेकीनेच हट्टाने मागवायला लावले. पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला एक घोर लागला. लहानपणापासून तिने बाबांना लाकडी काथवटीत पीठ मळताना पाहिले होते. यंत्र आले की ते हात पुन्हा पिठात दिसणार नव्हते. त्याआधी ते तिला कागदावर हवे होते.

तिने मला भट्टीच्या खोलीत नेले. मी करकरले मात्र, पाववाल्याने हात पुसले, टोपी सरळ केली आणि छाती काढून उभा राहिला.

"बाबा, मळा ना."

"आधी काढून घे, मग मळतो."

"मळतानाचंच काढायचंय."

"बरं," म्हणून त्याने दोन्ही हात पिठात घातले आणि तसेच ठेवले. शेजारचा न्हावी पाव न्यायला आला होता. तो म्हणाला, "काका, श्वास तरी घ्या. आम्हाला खांदा द्यायला लावाल."

रोज तेच होई. माझी करकर ऐकली की म्हाताऱ्याचे हात थिजत. शेवटी लेक कंटाळली. तिने मला पिठाच्या पोत्यांमागे टाकले आणि पेन्सिल खिडकीत. माझ्यावर पांढरी धूळ साचली. एका उंदराने माझ्या कापडाची चव घेऊन पाहिली.

बाबांनीच विचारले, "आज स्टूल वाजलं नाही. रुसलीस का?"

"तुम्ही पुतळा होऊन बसता. तसले दालनात आहेत की."

"अगं, कुणी बघतंय म्हटलं की हात आपसूक थांबतात. मी मुद्दाम करतो का?"

दुसऱ्या दिवशी तिने मला झटकून पुन्हा तिथेच उघडले, पण बाबांकडे पाठ केली. पिठाच्या पोत्याचे चित्र काढले. मग चाळणीचे, मग दाराच्या कडीचे. पहिल्यांदा म्हातारा अवघडून उभा राहिला. मग चोरून बघू लागला.

"पोत्याला काढतेस आणि बापाला नाही?"

"पोतं टोपी सरळ करत नाही."

तो फुरंगटला, पण मळत राहिला. हळूहळू माझी करकर त्याला ऐकूच येईनाशी झाली. लेक रोज थोडी थोडी त्याच्या बाजूला वळत गेली.

यंत्राचे खोके दाराशी येऊन पडले, त्या दिवशी पीठ नेमके सैल झाले होते. म्हातारा स्वतःशीच पुटपुटत होता, पीठ उचलत होता, आपटत होता, दुमडत होता. लेक पुढे झुकली. इतकी झुकली की माझे कापड एका कडेने टर्रकन फाटले. ती तशीच अर्धवट लोंबकळत काढत राहिली आणि म्हाताऱ्याने मानही वर केली नाही.

झाल्यावर तिने कागद त्याच्यापुढे धरला. तो मान पुढे काढून बघू लागला.

"एवढा वाकतो मी?"

"एवढेच वाकता."

"टोपी वाकडी आहे." मग हळूच म्हणाला, "पण हात माझे आहेत बये. चालू आहेत."

आता पीठ यंत्र मळते. त्या पहिल्या मोकळ्या दुपारी म्हाताऱ्याने मला मांडीवर उलटे घेतले आणि पोत्याचा तुकडा लावून दाभणाने शिवायला बसला. बोटे दुखत होती, टाके वेडेवाकडे पडत होते. बसायला काही नाही म्हणून लेक उभ्यानेच त्याचे ते शिवणे काढत होती. त्याला ते ठाऊक होते. तरी हात थांबले नाहीत.

मित्रांनो, घरात माझ्यासारखे कुणी फाटले असेल तर फेकू नका, दोन टाके घाला. रोज एक वस्तू मन लावून बघा आणि जमेल तशी कागदावर काढा. आणि काम करणाऱ्या आपल्या माणसाचे चित्र हवे असेल तर त्याला "थांबा" म्हणू नका. रोज जाऊन त्याच्याजवळ बसा. त्याला तुमची सवय होईपर्यंत पोते काढा.